सगळे नळ उघडा

शिवणवाल्या ताईंनी कपाट सरकवलं ते एका बॉबिनसाठी. बॉबिन घरंगळत कपाटामागे गेलं, हात पोचेना, म्हणून त्यांनी खांदा लावून कपाट वीतभर पुढे ढकललं आणि मागचा खांब कितीतरी वर्षांनी उजेडात आला. खांबाचा गिलावा पोट सुटावं तसा फुगला होता. ताईंनी सहज अंगठ्याने दाबून पाहिलं, तर ताटाएवढा तुकडा निखळून त्यांच्या पायाशी पडला. आत लोखंडी सळ्या होत्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या, आणि त्यांच्या शेजारून एक भेग खाली गेली होती. खांद्याच्या उंचीपासून थेट गुडघ्यापर्यंत. त्या भेगेत नख सहज जात होतं.

बॉबिन तिथेच राहिलं. ताई मागे मागे सरकत दारापर्यंत आल्या आणि तिथूनच त्यांनी भावाला फोन लावला.

चार मजल्यांची इमारत होती ती. तळमजल्यावर ताईंची शिवणाची खोली आणि शेजारी एक बंद पडलेलं दुकान, वरच्या प्रत्येक मजल्यावर तीन-तीन बिऱ्हाडं. ताई स्वतः पहिल्या मजल्यावर राहायच्या, एकट्याच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत बाराही घरांतल्या माणसांची मापं त्यांनी घेतली होती. कोणाची कंबर वाढली हे त्याच्या बायकोच्या आधी ताईंना कळायचं.

भाऊ सेंट्रिंगचा मिस्त्री. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्या आणि लोखंडी टेकू उभे करायचे आणि स्लॅब घट्ट होईपर्यंत त्याचा भार त्या टेकूंवर पेलायचा, हे त्याचं काम. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. एकट्या ताई दादा म्हणायच्या.

मिस्त्री संध्याकाळी आला. त्याने हातोडीच्या दांड्याने खांबावर ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. वर छताकडे पाहिलं, बाहेर जाऊन गच्चीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, परत आला. मग त्याने पिशवीतून काचेच्या तीन अरुंद पट्ट्या काढल्या आणि भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही टोकांना प्लॅस्टरने चिकटवल्या. काच ताणली जात नाही, सरळ तुटते, असं त्याने सांगितलं. पट्टी तुटली की समजायचं, इमारत हलली.

"तुटली तर तुला फोन करू?" ताईंनी विचारलं.

"आधी बाहेर पड. मग फोन."

दहा-बारा वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक इमारत कोसळली होती, तेव्हा ढिगारा उपसायला मिस्त्री गेला होता. तीन दिवस तो तिथे होता. परत आला तो थोडा वेगळाच होऊन. त्याआधी तो गमत्या माणूस होता. त्यानंतर कुठल्याही घरात शिरला की आधी छताकडे पाहायचा. भीती दाखवल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही, हे त्याचं ठाम मत झालं होतं. आणि भीती दाखवणं हीच त्याची माया होती.

रविवारी सकाळी त्याने सगळ्यांना जिन्यात जमवलं. जिन्यातच, कारण बारा घरं मावतील अशी दुसरी जागा नव्हती. लोक खालपासून वरपर्यंत पायऱ्यांवर बसले. मिस्त्री खाली उभा राहिला आणि त्याने काहीही हातचं न राखता सांगितलं. खांब आतून पोकळ झालाय. महिनाभर टिकेल, आठवडाभर टिकेल, नाहीतर आत्ता आपण बोलतोय तेवढ्यातही जाईल. मग त्याने त्या दुसऱ्या इमारतीचं सांगितलं. तिथे म्हणे सगळ्यात आधी जिना गेला. पळत सुटलेली माणसं सगळी जिन्यातच सापडली. एका घरात टेबलावर ताटं वाढलेली तशीच होती, एकही लवंडलं नव्हतं, फक्त वरून बोटभर धूळ.

दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी आपल्या दोन्ही मुलींचे कान झाकले होते, पण फार उशिरा.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर मग बोलले. ते म्हणाले की त्यांनी पालिकेच्या कचेरीला तीन अर्ज केले होते, सुवाच्य अक्षरात. दोन वर्षांपूर्वी इंजिनिअर आले आणि दारावर लाल रंगाने 'धोकादायक' असं लिहून गेले. शुद्धलेखन बरोबर होतं, तेवढंच समाधान. इमारतीच्या मालकाचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता.

"मग आम्ही करायचं काय?" पहिल्या मजल्यावरच्या प्लंबरने विचारलं.

"घर सोडायचं."

"सोडून जायचं कुठे?"

"ते मी कसं सांगू?" मिस्त्री म्हणाला. "मला जे दिसतं ते मी सांगितलं."

त्या आठवड्यात एक बिऱ्हाड सामान बांधून गेलं. अकरा राहिली. त्यांना मिस्त्रीचं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही. अक्षरन् अक्षर पटलं होतं. माणसं जिन्यातून भिंत धरून, टाचा न टेकता चालू लागली. मास्तरीणबाईंनी मुलींची दोरीवरची उडी बंद केली. घराघरातला मिक्सर मुका झाला. दार कोणी आपटेनासं झालं. आधी जिन्यात कोणी भेटलं की दोन शब्द व्हायचे, आता जो तो मान खाली घालून आपापल्या घरात शिरायचा आणि आतून कडी लावायचा, जणू इमारत दाराने आत येणार होती.

प्लंबरला सगळे 'गळक्या' म्हणत, कारण गावभरचे नळ दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातला नळ कायम ठिबकत असायचा. तो सोमवारी ताईंच्या खोलीत आला, पट्ट्यांकडे पाहिलं आणि घरून एक जुनं कॅलेंडर आणून त्याने ते बरोबर त्यांच्यावर टांगलं. जाता-येता दारातून दिसतं, जीव घाबरा होतो, असं तो म्हणाला. ताईंनी कॅलेंडर काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच होतं, आणि या खेपेला ते गळक्याने लावलं नव्हतं.

ताईंना तरी दुसऱ्यांना नावं ठेवायला तोंड कुठे होतं? त्यांनी एक पिशवी भरली होती: दोन साड्या, कागदपत्रं, चांगली कात्री. ती पिशवी दाराशी ठेवून त्या रोज तिला वळसा घालून खाली येत होत्या. हा सदरा झाला की जाऊ, ही पडद्यांची ऑर्डर दिली की जाऊ. मशीनचा हादरा नको म्हणून त्या हातशिलाई करत होत्या, म्हणजे एका सदऱ्याला चार दिवस. मिस्त्री रोज फोन करून विचारायचा, निघालीस का? त्या म्हणायच्या, निघते. मरण एवढं जवळ आणि एवढं मोठं दाखवल्यावर हातपाय हलतच नाहीत, हे त्यांना स्वतःवरून कळत होतं. फक्त ते भावाला कसं सांगावं हे कळत नव्हतं.

चौथ्या मजल्यावर एक सून आणि अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या तिच्या सासूबाई राहत होत्या. ताई बुधवारी वर गेल्या तेव्हा सुनेने दार उघडलं नाही. दाराआडूनच म्हणाली की आम्हाला खाली कोण नेणार, तुम्ही सगळे जा, आमचं आम्ही बघू. आवाज अगदी शांत होता.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला ताई काजं करत होत्या. टिक असा आवाज झाला. सुई पडावी एवढाच. त्यांनी मान वर केली. मधली पट्टी मधोमध दुभंगली होती. त्या बघत असतानाच वरचीही तुटली, आणि तिचा एक तुकडा निखळून खाली पडला. छतातून पिठासारखी धूळ त्यांच्या मांडीवरच्या कापडावर उतरली.

त्या ओरडल्या नाहीत. सुई कापडात खोचली आणि चपला न घालता रस्त्यावर आल्या. आधी भावाला फोन केला. त्याचं काम दोन गल्ल्या सोडून चालू होतं. मग अग्निशमनवाल्यांना. तिकडून सांगितलं की बंब नदीपलीकडे एका गोदामाला लागलेल्या आगीवर गेलेत, निघतील, चाळीस मिनिटं धरा.

मिस्त्री पाच मिनिटांत धापा टाकत आला आणि तसाच जिना चढत सुटला. दारं बडवत, इमारत पडतेय, बाहेर पडा, असं ओरडत तो गच्चीपर्यंत गेला. दुपारची वेळ, बरेच जण कामावर. सात घरांत माणसं होती. दोन घरांतली माणसं धावत खाली आली. बाकीची दारं उघडली आणि पुन्हा बंद झाली. एक तर उघडलंच नाही.

ताई त्याच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या होत्या. दुसऱ्यावर मास्तरीणबाई दोन्ही मुलींना घेऊन जेवणाच्या टेबलाखाली बसल्या होत्या. ताईंनी हात धरून ओढलं, त्या हलेनात. एवढंच म्हणत होत्या की जिना आधी जातो, मिस्त्रींनीच सांगितलंय, जिना आधी जातो. तिसऱ्या मजल्यावर पोस्टमास्तर धुतलेला शर्ट घालून खुर्चीत बसले होते. तेही तेच म्हणाले. जिन्यात सापडण्यापेक्षा खुर्चीत बरं.

रविवारी भावाने सांगितलेल्या एका वाक्याने ही सगळी माणसं आपापल्या घरात कोंडली गेली होती. ताईंनी वरून उतरणाऱ्या मिस्त्रीला जिन्याच्या वळणावर धरलं. तो घामाने निथळत होता, डोळे कुठेतरी भलतीकडेच होते. ढिगाऱ्यापाशी काढलेल्या त्या तीन दिवसांत असतील.

"दादा, इकडे बघ. हा जिना त्या खांबावर आहे?"

"नाही. जिन्याच्या भिंती वेगळ्या आहेत. तो खांब मागच्या कोपऱ्याचा."

"मग त्याच्यावर भार कसला आहे?"

"कोपऱ्यातल्या खोल्यांचा. आणि टाकीचा. गच्चीवरची टाकी बरोबर त्याच्या डोक्यावर आहे. दहा हजार लिटर. म्हणजे दहा टन."

"रिकामी केली तर?"

त्याने वर छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "तर थोडा वेळ मिळेल. मग टेकू लावता आले तर उभीही राहील कदाचित."

"हे रविवारी का नाही सांगितलंस?"

त्याने खाली पाहिलं. टाकी रिकामी केली, टेकू लावले, की लोक निर्धास्त होऊन इथेच राहतील, अशी त्याला धास्ती होती. "खोटी आशा लावायची नव्हती मला," तो म्हणाला.

"खोटी आहे का?"

भिंतीत कुठेतरी काहीतरी कुरकुरलं. दोघांनीही ते ऐकलं.

"खोटी नाही," मिस्त्री म्हणाला. "थोडी आहे."

"थोडी चालेल. मरण दाखवून झालं ना, आता काम दाखव. तू टेकू आण, जा."

तो गेला. ताई जिन्याच्या मधल्या वळणावर एकट्या उभ्या राहिल्या. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. हे सगळं आपल्यावरच कोसळणार आहे, आत्ता, असं त्यांना एकदा वाटून गेलं. तरी त्यांनी आवाज चढवला.

"सगळ्यांनी ऐका. मी शिवणवाली बोलतेय. इमारत वाचू शकते. वर टाकीत दहा टन पाणी आहे, ते उतरवायचंय. घरातले सगळे नळ उघडा. स्वयंपाकघरातला, मोरीतला, सगळे. पूर्ण सोडा. गॅस बंद करा, दार उघडं टाका आणि खाली या. जिना त्या खांबावर नाही. मी जिन्यातच उभी आहे."

काहीच झालं नाही. मग दुसऱ्या मजल्यावर नळ सुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ तिथलाच दुसरा. मग वर तिसऱ्यावर. मग खाली. भिंतीतल्या नळ्या घुमायला लागल्या, बादल्या भरून वाहायला लागल्या, सांडपाण्याच्या पाइपांतून पाणी धडधडत खाली निघालं. बारा घरांपैकी पाच घरांचे नळ उघडले असतील, पण चार दिवस मुक्या पडलेल्या त्या इमारतीला एकदम कंठ फुटला.

मास्तरीणबाई मुलींचे हात धरून दारात आल्या. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. शेजारच्या बंद घराच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, तिथलेही नळ सोडू का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, सोडा. टेबलाखाली लपलेली बाई किल्ली शोधायला आत पळाली.

गळक्या पान्हा घेऊन वर निघाला होता. नळांनी टाकी रिकामी व्हायला दीड तास लागेल, तळाचा व्हॉल्व्ह उघडला तर वीस मिनिटं, असं त्याने जाता जाता सांगितलं. तो व्हॉल्व्ह गंजून बसला असणार हेही सांगितलं. टाकीखाली म्हणजे बरोबर त्या कोपऱ्यावर जाऊन बसावं लागणार होतं. ते मात्र त्याने सांगितलं नाही. थोड्या वेळाने वरून लोखंडावर लोखंड आपटल्याचे घाव ऐकू यायला लागले. प्रत्येक घावाला ताई डोळे मिटत होत्या. आठ, नऊ, दहा. मग घाव थांबले आणि गच्चीच्या पन्हाळीतून पाण्याचा लोट रस्त्यावर कोसळला. खाली जमलेल्या लोकांत एकच कालवा झाला. जन्मभर गळती बंद करणाऱ्या माणसाने आज मन लावून गळती केली होती.

ताई चौथ्या मजल्यावर गेल्या. या वेळी दार उघडं होतं. सून मोरीतला नळ सोडून तिथेच उभी होती, पाण्याकडे बघत. ती म्हणाली की नळ सोडला, तेवढंच माझ्या हातात होतं, आता तुम्ही जा.

"दोघींना नाही उचलणार," ताई म्हणाल्या. "चौघांना उचलतील."

"चौघं कुठे आहेत?"

ताई खाटेवरची जाड चादर सासूबाईंच्या अंगाखाली सारायला लागल्या. तेवढ्यात दारात पोस्टमास्तर आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. एका मजल्याचा जिना चढून त्यांना दम लागला होता. त्यांनी शर्टाच्या बाह्या नीट दुमडल्या आणि चादरीचा एक कोपरा धरला. त्यांच्या मागून मास्तरीणबाई आल्या. मुलींना त्यांनी खाली रस्त्यापलीकडे पोचवलं होतं आणि त्या परत वर आल्या होत्या. चौथा कोपरा भरला.

सासूबाईंचं तोंड थोडं वाकडं झालं होतं, पण बोलणं कळायचं. त्या म्हणाल्या, "इमारत पडेल तेव्हा पडेल. तुम्ही मला आधी पाडू नका."

सून हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने आपला कोपरा उचलला.

तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर येताना तो आवाज झाला. कोणीतरी भरलेलं कपाट पालथं करावं तसा, खोल आणि बोथट. जिन्याची खिडकी थरथरली. वरून माती पडली ती सासूबाईंच्या चेहऱ्यावर. चौघंही जागच्या जागी थिजली. पोस्टमास्तरांचे गुडघे वाकले, चादर एका बाजूला कलली. आता गेलो, असं ताईंना वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं. पुढे खूप दिवस त्यांना हाच क्षण आठवायचा, बाकीचं काही नाही.

"काका," त्या म्हणाल्या, "वळणापर्यंत सहा पायऱ्या. सहाच."

पोस्टमास्तरांनी गुडघे सरळ केले. सहा पायऱ्या उतरल्या. मग ताई पुन्हा म्हणाल्या, आता सात. प्रत्येक वळणाशी त्या पुढच्या तेवढ्याच पायऱ्या सांगत गेल्या. पायऱ्यांवरून पाणी वाहायला लागलं होतं, पाय निसटत होते. दारातून बाहेरचं ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा कोणाला खरंच वाटेना.

रस्त्यावर ट्रक येऊन उभा होता. मिस्त्रीने चाळीस लोखंडी टेकू आणि फळ्या आणल्या होत्या, सोबत तीन कामगार. दोघांनी दारातून तो खांब पाहिला आणि आत यायला नकार दिला. मिस्त्रीने त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. तिसरा आत गेला. ताईही निघाल्या, तेव्हा मात्र मिस्त्रीने दंडाला धरून त्यांना मागे लोटलं, लहानपणी रस्ता ओलांडताना लोटायचा तसं.

मग जे झालं ते कोणी ठरवलं नव्हतं. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या लोकांतले काही जण पुढे आले. ट्रकपासून दारापर्यंत रांग लागली आणि टेकू हातोहात दाराशी पोचू लागले. गळक्या नखशिखांत भिजलेला होता, तोही रांगेत होता. घाव घालून त्याचे तळहात फुटले होते. आतून मिस्त्रीचा आवाज यायचा, एक दे, फळी दे, थांब. आत पहिला टेकू उभा राहिला तेव्हा तिसरी पट्टी तुटली. खांबाचं एक ढलपं सुटून कामगाराच्या खांद्यावर आदळलं. तो खाली बसला, उठला आणि पुन्हा आटे आवळायला लागला. टेकूचा आटा फिरवला की तो वर सरकतो आणि छताला भिडतो. भिडला की पुढचा वळसा जीव काढतो. मिस्त्री प्रत्येक टेकूला वळसा देऊन थांबायचा, कान लावायचा, मग पुढचा द्यायचा. बाहेर कोणी खोकतसुद्धा नव्हतं.

सोळा टेकू लागले. सतराव्याला मिस्त्री म्हणाला, बस. तो बाहेर आला तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा होता. वर गच्चीच्या पन्हाळीतून शेवटचं पाणी थेंब थेंब पडत होतं. तेवढ्यात बंब आले.

त्यांनी रस्ता बंद केला, सगळ्यांना आणखी मागे सारलं आणि इमारतीभोवती दोर बांधला. त्यांच्या अधिकाऱ्याने आत डोकावून टेकू पाहिले आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. मिस्त्रीला वाटलं आता बोलणी खावी लागणार. खाल्लीही. असं करायला नको होतं, तुम्ही आत मेला असतात, असं त्याला चांगलंच सुनावण्यात आलं. तो मान डोलावत होता. अधिकाऱ्याचं बरोबर होतं, हे त्याला माहीत होतं.

नंतर भाऊबहीण रस्त्यापलीकडच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. ताईंच्या अनवाणी पायांचे तळवे कापले गेले होते, हे त्यांना आत्ता कळलं.

"वाचेल म्हणालीस तेव्हा तुला खरंच वाटत होतं?" मिस्त्रीने विचारलं.

ताईंनी विचार केला. "वाचू शकते म्हणाले मी. वाचेल नाही म्हणाले."

"आणि वाटत काय होतं?"

"भीती वाटत होती, दादा. दुसरं काय वाटणार? पण गप्प बसले असते तर भीतीच उरली असती नुसती."

मिस्त्रीने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. धूळ नुसती इकडची तिकडे झाली. पलीकडे मास्तरीणबाईंच्या मुली सासूबाईंना वहीने वारा घालत होत्या.

इमारत पडली नाही. पण लगेच कोणी परतलंही नाही. काही जण नातलगांकडे गेले, काही जण एका शाळेच्या वर्गांत महिनाभर राहिले. पुढचे महिने वाईटच होते, आणि या काळात दोन घरांत अशी भांडणं झाली की ती पुन्हा मिटली नाहीत. पोस्टमास्तरांनी चौथा अर्ज लिहिला. या खेपेला त्याच्याखाली बारा घरांच्या सह्या होत्या आणि मिस्त्रीने काढलेलं खांबाचं चित्र जोडलेलं होतं. काय बिघडलंय याच्या बरोबर काय करता येईल, हेही त्यात कलमवार लिहिलं होतं. कचेरीतून इंजिनिअर आले. मागच्या कोपऱ्याचे तीन खांब नव्याने बांधायला सात महिने लागले, टाकी गच्चीवरून उतरवून जमिनीवर आणली गेली. आठ बिऱ्हाडं परतली. मास्तरीणबाई परतल्या नाहीत. त्या जिन्यात पुन्हा पाऊल टाकणं माझ्याने होणार नाही, असं त्यांनी ताईंना मोकळेपणाने सांगितलं, आणि ताईंना ते पटलं.

सासूबाई त्या सात महिन्यांतच गेल्या, सुनेच्या माहेरी, झोपेत.

मिस्त्री अजूनही कुठल्याही घरात शिरला की आधी छताकडे पाहतो. परवा एका इमारतीतून त्याला बोलावणं आलं. तिथेही असाच एक खांब होता. लोक जिन्यात जमले होते, चेहरे उतरलेले. तो सांगायला उभा राहिला आणि त्याची जीभ त्या कोसळलेल्या इमारतीकडे वळली, त्या वाढलेल्या ताटांकडे. तो थांबला. त्याने लोकांना विचारलं की तुमच्यात प्लंबर कोण आहे.